शेवटचा कोण?

किरगिझस्तानातल्या आमच्या नारीन गावात कानाचा डॉक्टर एकच. म्हणजे डॉक्टरीणबाई. उरकिया त्यांचं नाव. मंगळवार आणि गुरुवार, नऊ ते बारा. बाकीच्या दिवशी गावाला ऐकू आलं काय नि नाही आलं काय, सरकारला त्याचं सोयरसुतक नाही. ही माहिती मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत नव्हती, आणि तोवर माझं बरं चाललं होतं.

मी कुबात. शाळेत गणित शिकवतो, आणि आठवड्याला दोन तास अदब. अदब हा आमच्याकडे वहीपुस्तकासकट विषयच आहे. वडीलधारं माणूस आलं की उठून जागा द्यावी, मोठे बोलत असताना मधे तोंड घालू नये, आपल्या सात पिढ्यांची नावं पाठ असावीत, वगैरे. गणितात पोरं धडाधड नापास होतात, अदबीत आजवर एकही झालेलं नाही, कारण त्याचा पेपर फार सोपा असतो. पण गावात माझी जी काही पत आहे ती या सोप्या विषयामुळे. बाजारात बायका आपल्या कार्ट्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "बघ, आगाय बघतायत." आगाय म्हणजे मास्तर. असा माणूस भर बाजारात साधं कलिंगडही मनासारखं खाऊ शकत नाही. बिया कुठे थुंकायच्या हा प्रश्न असतोच.

तर ऑगस्टात आमची आयसुलू साडेसहा वर्षांची झाली आणि पहिलीच्या मुलाखतीला गेली. पहिलीच्या बाई माझ्याच शाळेतल्या, शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या. त्यांनी विचारलं, "तीन सफरचंदं आणि दोन सफरचंदं, मिळून किती?"

आयसुलू गोड हसली आणि म्हणाली, "हो."

"तुझं घर कुठे आहे?"

"हो."

बाईंनी मला बाजूला घेतलं. "आगाय, राग मानू नका. पोर लाघवी आहे, पण जरा मंद आहे हो. एक वर्ष घरीच राहू दे."

गणिताच्या मास्तरची पोर तीन आणि दोनला अडली! मी घरी आलो ते पाय ओढत. माझी बायको मीरिम पोस्टात काम करते. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायची सवय असल्यामुळे घरी आली की ती फक्त बोलते. "मंद नाहीये ती," ती म्हणाली. "तिला ऐकू येत नाही. मी जूनपासून सांगतेय. पण ऐकू न येणारी या घरात ती एकटी थोडीच आहे!"

मी आयसुलूच्या मागे जाऊन उभा राहिलो. ती घोड्याचं चित्र काढत होती. मी पातेल्याचं झाकण जमिनीवर सोडलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, खाली कुत्रा भुंकायला लागला, आयसुलू घोड्याची शेपटी रंगवत राहिली. खरं सांगतो, तेव्हा शाळाबिळा सगळं डोक्यातून गेलं. माझी पोर बहिरी होतेय, एवढंच उरलं.

मुख्याध्यापिकेने सवलत दिली. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी यादी बंद होणार, त्याआधी कानाच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा, नाव घालते. चिठ्ठी नाही आली तर पुढच्या वर्षी. हातात दोन मंगळवार आणि दोन गुरुवार होते. मी हिशोब करून म्हटलं, भरपूर झाले.

आता आमच्या इमारतीत बातमी कशी पसरते हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण तासाभरात शेजारच्या तोक्तोबुबूआपा वाटी घेऊन दारात. "डॉक्टर कशाला हवाय? मेंढीच्या शेपटाची चरबी कोमट करून घाल. माझा नवरा आयुष्यभर घालत होता."

"त्यांना ऐकू यायचं?"

"त्यांना ऐकायचंच नव्हतं रे. पण कान कसे मऊसूत होते!"

चरबी घातली. मग खालच्या मजल्यावरचे शेरशेनआबा आले. हे पूर्वी गुरांचे डॉक्टर होते, त्यामुळे इमारतीतली निम्मी माणसं त्यांच्याकडेच जातात. त्यांनी वर्तमानपत्राचा कर्णा केला आणि त्यातून आर्चाच्या, म्हणजे आमच्याकडच्या डोंगरी झुडपाच्या, फांद्यांचा धूर पोरीच्या कानात सोडायला लावला. घोड्यांना हमखास गुण येतो म्हणाले. पोरीला गुण येईना, पण घरभर मटण भाजल्याचा वास सुटला आणि खालचा कुत्रा आयसुलूच्या मागे मागे फिरायला लागला.

जाता जाता तोक्तोबुबूआपांनी माझा हात धरून आणखी एक सल्ला दिला. "हे बघ कुबात, बाहेर कुणापाशी बोलू नकोस. मुलीची जात आहे. बहिरी हा शब्द एकदा गावात फिरला ना, की लग्नापर्यंत पाठ सोडत नाही." बाकीचे सल्ले मी एका कानाने ऐकले होते. हा मात्र मनात रुतून बसला.

पहिल्या मंगळवारी शाळेतून सुट्टी काढून आयसुलूला दवाखान्यात घेऊन गेलो. दारातच बुटांवर चढवायच्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मिळतात. त्या घातल्या की कितीही मोठा माणूस चालताना चुरचुर वाजतो आणि त्याचा निम्मा रुबाब तिथेच उतरतो. खिडकीतल्या बाईने नाव विचारलं, कपाट उघडलं, बंद केलं.

"हिचं कार्ड इथे नाही. नाव आतबाशीच्या पत्त्यावर आहे. कार्ड तिकडच्या दवाखान्यात."

आतबाशी म्हणजे माझी सासुरवाडी; बाळंतपण तिकडे झालं तेव्हा पोरीचं नाव तिथेच लागलं होतं. "अहो, पण पोरगी इथे आहे," मी म्हटलं. "कान तिच्यासोबत इथेच आहेत."

"कार्ड नसेल तर डॉक्टरांना कान दिसत नाहीत," बाई म्हणाली आणि खिडकी लावून चहाला गेली.

कार्ड तिकडून काढून आणायचा हक्क त्या घराच्या कर्त्याचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. फोन केला. असनकुलआबा वय वर्षं एकोणऐंशी, पण नातीचं नाव निघाल्याबरोबर घोड्यावर बसल्यासारखे निघाले. दुसऱ्याच दिवशी दुपारी दारात हजर. कोटाच्या आतल्या खिशात कार्ड, खांद्यावर वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांचं पोतं, हातात अर्धी मेंढी. "पोर बरी होईपर्यंत मी हलत नाही," त्यांनी जाहीर केलं. "आणि शेपटाची चरबी आणलीय. आमच्याकडची. तुमच्या शहरातल्या चरबीत काय राम आहे?" तीही घातली. सासऱ्यांना नाही कोण म्हणणार? मीरिमने माझ्याकडे असं पाहिलं की मी मेंढी कापायला स्वयंपाकघरात निघून गेलो.

गुरुवारी कार्ड घेऊन गेलो. डॉक्टरच्या दाराबाहेर लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंनी बाकं. आमच्याकडे रांगेत कुणी उभं राहत नाही. आत शिरायचं, मोठ्याने विचारायचं, "शेवटचा कोण?" जो हात वर करेल त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि मिळेल तिथे बसायचं. तुमच्यानंतर येणारा तुमचा चेहरा लक्षात ठेवतो. खिडकीत मिळणाऱ्या चिठ्ठीवरच्या नंबराला कुणी विचारत नाही. पद्धत उत्तम आहे, जगाने घ्यावी अशी. फक्त तीत अदब मिसळू नये.

माझा नंबर चौथा लागला. दार उघडलं, दोघं जाऊन आले. इतक्यात काठी टेकत एक आजोबा आले. सगळा व्हरांडा चुळबुळला. बाकावर माझे तीन जुने विद्यार्थी, दोन विद्यार्थ्यांच्या आया. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठलो. "या आबा, आधी तुम्ही." आजोबांनी आशीर्वाद दिला. त्यांच्यामागे एक आजी आल्या. "या आपा." मग आणखी एक. कान हे म्हातारपणाचंच दुखणं, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. कानाच्या डॉक्टरकडे तरुण माणूस येतोच कशाला? पावणेबारापर्यंत मी सात जणांना वाट दिली, सात आशीर्वाद मिळवले, आणि शेवटच्यांच्याही शेवटचा झालो. दर वेळी मी उठलो की आयसुलूही उठायची आणि हात छातीवर ठेवून वाकायची. "काय संस्कार आहेत!" एक बाई म्हणाल्या. कुणी विचारलं, "कशासाठी आलात आगाय?" तर मी म्हणे, "काही नाही, किरकोळ." बाराला डॉक्टरीणबाई पर्स घेऊन बाहेर पडल्या.

"तुझी अदब घरी कपाटात ठेवून जात जा," मीरिम म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

रविवारी मला युक्ती सुचली. सगळे म्हाताऱ्याला वाट देतात, बरोबर? मग आपणच म्हातारा घेऊन जाऊ! घरात एकोणऐंशी वर्षांचा सासरा फुकट बसलाय. मंगळवारी असनकुलआबांना उंच पांढरी टोपी घातली, कोट घासून पुसून दिला आणि बजावलं, "आबा, कुणाला पोरीचं काही बोलायचं नाही. गुपचूप आत शिरायचं." आबांना मोहिमेवर निघाल्याचा आनंद झाला होता. "आलोच आहे तर माझाही उजवा कान दाखवतो," ते म्हणाले.

व्हरांड्यात त्यांचा काय थाट! सगळे उठले. पाच मिनिटांत आम्ही दारापाशी. दार उघडलं आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने तेवढीच उंच पांढरी टोपी आली. दोरोनबेकआबा, वय ब्याऐंशी.

"या, आधी तुम्ही," आमचे म्हणाले. "तुम्ही थोर दिसता."

"छे छे, तुम्ही बाहेरगावचे, पाहुणे. कुठले म्हणायचे?"

"आतबाशीचे."

"आतबाशीचे? कुणापैकी?"

झालं. मी डोळे मिटले. दोन किरगिझ म्हातारे कुणापैकी म्हणून एकमेकांना विचारायला लागले की त्यांच्यामधून वाराही जात नाही. आबांनी सात पिढ्या म्हणायला सुरुवात केली, बापाचं नाव, आजाचं, पणजाचं. तिकडून दोरोनबेकआबांची यादी सुरू झाली. आमच्या आबांचं चौथं नाव आणि त्यांचं पाचवं आलं, तसे दोघं एकदम थांबले. तोच माणूस! दोघांनी मिठ्या मारल्या, टोप्या खाली पडल्या, बाकांवरच्या बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले असते, पण घड्याळात साडेदहा झाले होते.

मग खरा पेच पडला. दोरोनबेकआबा वयाने थोर. पण असनकुलआबा एक पिढी वरचे, म्हणजे नात्याने ते काका लागतात. काकाच्या आधी पुतण्या आत जाईल? शक्य नाही. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या आधी एकोणऐंशीचा जाईल? तेही शक्य नाही. "तुम्ही काका." "तुम्ही वडील." सगळा व्हरांडा दोन तटांत विभागला. आणि हे दोघे दारात उभे असताना त्यांना ओलांडून तिसरा आत जाईल, इतका निर्लज्ज माणूस आमच्या गावात अजून जन्मायचाय. आतून डॉक्टरीणबाईंनी दोनदा हाक मारली. मी तोंड उघडलं, "आबा, ती आपली..." तर दोघंही एका सुरात, "थोर बोलतायत ना लेका!" माझ्याच पुस्तकातला धडा दुसरा.

बाराला डॉक्टरीणबाई पर्स घेऊन निघाल्या. दोघांना वाकून नमस्कार केला आणि त्यांच्यामधून, माफी मागत, तिरक्या होऊन बाहेर गेल्या. नवे नातेवाईक आमच्याच घरी जेवायला आले. उरलेली मेंढी संपली.

राहिला एक गुरुवार. दुसऱ्या दिवशी यादी बंद. मी सकाळी सहालाच आयसुलूला घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलो. दार उघडल्यावर आत गेलो आणि दाराजवळच्या पहिल्या बाकावर पहिल्या जागी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा "शेवटचा कोण?" असं विचारायला समोर कुणी नव्हतं. साडेआठपर्यंत व्हरांडा भरला. असनकुलआबा दह्याच्या गोळ्या घेऊन मागून आले, दोरोनबेकआबा आणखी दोन नव्याने सापडलेले भाऊबंद घेऊन आले. सगळे मिळून पिढ्या मोजत बसले.

नऊला दार उघडलं. आणि नऊलाच, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, उलकानआपा आल्या. वय अठ्ठ्याऐंशी. गावातली सगळ्यात थोर बाई. मला त्यांनी स्वतः लहानपणी कानाला धरून शाळेत पोचवलंय. सगळे उठले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझे गुडघे आपोआप सरळ व्हायला लागले. त्यांना पंधरा वर्षांची सवय. एवढ्यात शेजारी पाहिलं तर आयसुलू माझ्याआधीच उठून उभी होती. कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिला ऐकूही आलं नसतं. तिने नुसतं डोळ्यांनी बघून ठेवलं होतं, की म्हातारं माणूस आलं की बाबा उठतो आणि मग आपण घरी जातो. हात छातीवर ठेवून ती वाकली, बाजूला झाली, आणि माझा कोट ओढायला लागली. चला ना घरी, असा.

मी तिला ओढून मांडीवर घेतलं आणि बसून राहिलो.

"मी नाही उठणार," मी म्हणालो.

कुणाचा विश्वास बसेना. मागून एक बाई म्हणाली, "अगं बाई, आगाय?" माझे कान तापले. उलकानआपा माझ्यासमोर येऊन थांबल्या, वाकल्या, माझ्याकडे निरखून बघायला लागल्या.

"नाही उठणार!" मी ओरडलो. खरंच ओरडलो. "काय म्हणायचं ते म्हणा! शाळेत सांगा, बाजारात सांगा! माझ्या पोरीला ऐकू येत नाही! चार वेळा आलोय! तिला ऐकू येत नाहीये हो आपा!"

शब्द व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला आणि मला वाटलं, संपलं. आता गावभर.

"पोरीला?" उलकानआपा म्हणाल्या. "पोर आजारी आहे?"

"मग कोण?" मी म्हणालो.

"आम्हाला वाटलं तुझा सासरा!" दोरोनबेकआबा पुढे आले. "आम्ही म्हटलं, नात आजोबांचा हात धरून आलीय, किती गुणी! अरे गाढवा, पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?" मग ते आमच्या आबांकडे वळले. "आणि तू रे काका? तू का नाही बोललास?"

असनकुलआबांनी टोपी काढली. "जावयाने सांगितलं होतं, बोलू नका. आणि मग पिढ्या निघाल्या. पिढ्या निघाल्यावर माणसाला काय सुचतं?"

"सहा वर्षांचं लेकरू चार दिवस बाकावर बसवून ठेवलंत," उलकानआपा म्हणाल्या, "आणि मला आधी पाठवणार? माझे कान गेले ते बरंच झालंय, सुना दोन आहेत मला. त्या पोरीला आत घाल आधी!" आणि त्यांनी स्वतःच्या काठीने दार ढकललं.

आम्ही आत गेलो ते वाहूनच गेलो. मागून सगळ्या टोप्या दारात दाटल्या. डॉक्टरीणबाईंनी हरकत घेतली, पण अकरा थोर माणसांना दार लावून घ्या असं कोण सांगणार? त्यांच्यावरही कुणीतरी अदबीचे संस्कार केलेच असणार.

त्यांनी आयसुलूला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, खुणेने समजावलं, जे ऐकू येईल ते मोठ्याने म्हणायचं, आणि सहा पावलं मागे जाऊन कुजबुजल्या. आयसुलू भिंतीकडे बघून गोड हसत राहिली. पुन्हा कुजबुजल्या. काही नाही.

मग त्यांनी कानात दिवा धरून पाहिलं. डाव्या. उजव्या. मान वर केली.

"यात चरबी कुणी घातली?"

तोक्तोबुबूआपा तिथे नव्हत्या, त्या वाचल्या. असनकुलआबा छताकडे बघायला लागले.

"मळाचे जुने बोळे आहेत दोन्हीकडे, दगडासारखे. त्यावर चरबी. त्यावर आणखी चरबी. आणि ही काजळी कसली?"

"धूर," मी म्हटलं. "आर्चाचा. घोड्यांना गुण येतो."

डॉक्टरीणबाईंनी कोमट पाण्याची मोठी पिचकारी घेतली, आयसुलूच्या खांद्यावर टॉवेल टाकला, कानाखाली भांडं धरलं. थोडा वेळ लागला. मग भांड्यात काहीतरी टपकन पडलं, आणि दुसऱ्या कानातून दुसरं. दारातून अकरा जणांनी वाकून बघितलं आणि शिसारीने "अरेरे" केलं. आयसुलू दचकली. दोन्ही हात कानांवर नेले, काढले, पुन्हा नेले. मग वळून दाराकडे बघायला लागली.

"बाबा, ते काय वाजतंय?"

अकरा म्हाताऱ्यांच्या बुटांवरच्या पिशव्या चुरचुरत होत्या.

"पडदे छान आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चिठ्ठी देते. पण आधी नीट तपासून घेऊ." त्यांनी आयसुलूला पुन्हा भिंतीकडे वळवलं, सहा पावलं मागे गेल्या. मला त्यांचे ओठ हललेले दिसले, आवाज आला नाही.

"सोळा," आयसुलू म्हणाली.

ओठ पुन्हा हलले.

"सत्तेचाळीस."

मी पंधरा वर्षं गणित शिकवतोय. आकड्यांवर माझं प्रेम आहे असं मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगतो आणि ती थाप असते. सत्तेचाळीसवर मात्र त्या दिवशी माझा जीव जडला.

"ब्याऐंशी," आयसुलू म्हणाली, आणि दोरोनबेकआबांनी आपलं वय निघालं म्हणून मान डोलावली.

डॉक्टरीणबाईंनी वहीत खूण केली. मग माझ्याकडे एकदा पाहिलं, थोडं हसल्या, आणखी दोन पावलं मागे सरकल्या आणि अगदी हळू काहीतरी पुटपुटल्या.

आयसुलूने भिंतीकडेच तोंड ठेवून, वर्गात हजेरी द्यावी तशा खणखणीत आवाजात सगळ्या व्हरांड्याला सांगितलं, "बाबा रडतायत!"

पांढऱ्या टोप्या एकदम माझ्याकडे वळल्या. काजळी डोळ्यात गेली, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण खोटं कशाला बोलू, पोरीला अगदी बरोबर ऐकू आलं होतं.